मदत हवी आहे: कॉन्फरन्स कॉलला नव्वद माणसं झाली की आवाज तुटतो, सर्व्हरचा लोड मात्र 30 टक्के

दिंडोरीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण दोन आठवडे डोकं खातोय म्हणून सगळंच लिहितो. कमांडी देवनागरीत लिहिल्यात, मोबाईलवर कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा आहे, समजून घ्या.

मी आमच्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं बघतो, म्हणजे प्रिंटरपासून फोनपर्यंत. दर गुरुवारी संध्याकाळी 7 वाजता द्राक्षवाल्यांचा कॉन्फरन्स कॉल असतो. सल्लागार सर बोलतात, बाकीचे आपापल्या साध्या मोबाईलवरून नंबर लावून ऐकतात, प्रश्न विचारतात. ॲपबिप काही नाही, निम्म्या लोकांच्या बागेत डेटाची रेंजच नसते.

आधी ॲस्टेरिस्क (फोनचं एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) एका जुन्या डेस्कटॉपवर होतं, त्यात पीआरआय कार्ड (टेलिफोनची डिजिटल लाईन जोडायचं). 30 चॅनेल, म्हणजे तिसावा माणूस आला की संपलं, पण आवाज खणखणीत. यंदा गोडी छाटणीच्या आधी एसआयपी ट्रंक (डेटा लाईनवरून कॉल आणणारी) घेतली, कार्ड काढलं, आणि ऑफिसात जो मोठा सर्व्हर आहे (प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर; खरे कोर 8; हिशेब आणि बॅकअप पण त्यावरच) त्यावर 4 व्हीसीपीयूचं (म्हणजे कागदावरचे कोर) व्हर्च्युअल मशीन करून सगळं तिकडे हलवलं. आता सगळं सॉफ्टवेअरमध्येच.

चाळीसेक माणसं असतात तोवर ठीक. साठ-सत्तरच्या पुढे कुरकुर सुरू होते आणि नव्वदला आवाज असा कातरल्यासारखा तुटतो, एकाला नाही, सगळ्यांना एकाच क्षणी. मागच्या गुरुवारी सर डावणीच्या फवारणीचं प्रमाण सांगत होते, "साडेतीन" म्हणाले, त्यातलं "साडे" गेलं आणि अर्ध्या लोकांना नुसतं "तीन" ऐकू आलं. नंतर रात्री दहापर्यंत मी फोन घेत होतो, ते वेगळंच.

लोड बघितला तर 30 टक्के. मेमरी रिकामी. व्हीसीपीयू 4 चे 8 केले, फरक शून्य, उलट मला तर जरा वाढल्यासारखंच वाटलं. कुठे चुकतंय?

पॅकेटपांडू

नेटवर्क. डोळे झाकून सांगतो नेटवर्क. लीज लाईन किती एमबीपीएसची आहे? राऊटरवर एसआयपी एएलजी (एसआयपीची पॅकेटं मध्येच बदलणारी सोय) चालू असेल तर आधी बंद करा.

दिंडोरीकर

20 एमबीपीएस, दोन्ही बाजूंनी, आणि ती फक्त फोनलाच दिलीय. एएलजी पहिल्याच दिवशी बंद केलं. पीजेसिप शो चॅनेलस्टॅट्स ही कमांड देऊन बघितलं, येणाऱ्या बाजूला पॅकेट लॉस शून्य, जिटर (पॅकेटं मागेपुढे येणं) पण किरकोळ.

पॅकेटपांडू

मग मी माझे शब्द गिळतो 😀 तरी पण सगळ्यांना एकाच वेळी तुटतोय हे लिहिलंत ते बरं केलंत, नेटवर्क असतं तर एकेकाला वेगवेगळं झालं असतं. म्हणजे जिथे आवाज मिसळतोय तिथेच घोळ.

नाशिक_रोड_९

ट्रान्सकोडिंगचं (आवाज एका पद्धतीतून दुसरीत बदलायचं) डीएसपी कार्ड घ्या, सॉफ्टवेअरवर एवढे कॉल झेपत नाहीत. आमच्याकडे कार्ड टाकल्यापासून शांतता आहे.

जुना_एक्स्चेंजवाला

कार्ड आत्ताच घेऊ नका, पैसे जातील आणि दुखणं तिथंच राहील. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, सी-डॉटच्या एक्स्चेंजात आयुष्य गेलं. आमच्या वेळी कॉन्फरन्सला वेगळं कार्ड असायचं, ते दुसरं काहीही करत नसे. तुमचा सर्व्हर हिशेब पण करतो, बॅकअप पण घेतो आणि वर आवाज पण मिसळतो, तिथे बघा.

आवाज मिसळणं म्हणजे काय ते समजून घ्या. कॉन्फब्रिज (ॲस्टेरिस्कमधला कॉन्फरन्सचा भाग) दर 20 मिलिसेकंदांनी उठतं, प्रत्येकाकडून आलेले 160 नमुने घेतं (सेकंदाला 8000, त्यातले 20 मिलिसेकंदांचे), बेरीज करतं, आणि ज्याला त्याला पाठवतं. सेकंदाला अशा 50 पाळ्या. तुम्ही शेतकरी माणसं, कालव्याच्या आवर्तनासारखं धरा. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही दार उघडायला हजर नसाल तर पाणी पुढे गेलं, ते नंतर कोणी आणून देत नाही. आणि आठवडाभराचं सरासरी पाणी मोजलंत तर भरपूरच दिसणार. तुमचा 30 टक्के लोड म्हणजे ती सरासरी.

तीन गोष्टी बघून सांगा. टॉप लावा आणि वरच्या ओळीत शेवटी एसटी असतं तो आकडा (लाल डबा नव्हे 😊), म्हणजे तुमच्या मशीनला काम करायचं होतं पण खालच्या हॉस्टने (खऱ्या सर्व्हरने) कोर दुसऱ्यालाच दिला तो वेळ. दुसरं, ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर टायमिंग टेस्ट, म्हणजे पाळ्या वेळेवर येतात का ते. तिसरं, ट्रंकवर कोडेक (आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत) कुठला ठरतोय.

दिंडोरीकर

काका, लगेच बघितलं. एसटी 0.3. टायमिंग टेस्ट: 1000 मिलिसेकंदांत 50 टिक, म्हणजे बरोब्बर. कोडेक जी 729, बँडविड्थ वाचते म्हणून मीच वर ठेवलाय, आणि 2017 पासून त्याची पेटंटं संपल्यामुळे लायसनची पण कटकट नाही.

जुना_एक्स्चेंजवाला

अहो तुम्ही सकाळी अकराला बघितलंत! पाटाला पाणी नसताना गळती शोधताय. गुरुवारी सात वाजता, माणसं जोडलेली असताना बघा.

तारायंत्र

काकांच्या मध्ये पडतो. एसटी काही का निघेना, जी 729 काढाच. बँडविड्थचा हिशेब असा: जी 711 एलॉ (आवाज फारसा न दाबणारा साधा कोडेक) इथरनेटसकट एका बाजूला साधारण 87 केबीपीएस, नव्वद कॉलचे झाले 7.8 एमबीपीएस. तुमच्याकडे 20 आहेत आणि दुसरं काही चालत नाही, मग वाचवताय कशासाठी? एलॉ उलगडणं म्हणजे 256 ओळींच्या तक्त्यात बघणं, प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. जी 729 ला दर 10 मिलिसेकंदांना शोधाशोध करावी लागते की हा आवाज कुठल्या साच्यात बसतो, आणि तो साचा एका माणसाच्या गळ्यासाठी बनवलेला आहे, चार जण एकदम बोलले की चिखल होतो. शिवाय शेतकऱ्याचा मोबाईल आधीच आवाज दाबून पाठवतो, मग तुम्ही पुन्हा दाबता, परत जाताना पुन्हा दोनदा. कोथिंबीर किती वेळा निवडायची?

आणि एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं, ऐकणारी माणसं म्यूट असतात का?

दिंडोरीकर

नाही, सगळे उघडे. म्हटलं मध्येच कुणाला प्रश्न विचारायचा असला तर. मागे मोटर चालू, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाकडे टीव्हीवर मालिका, म्हणून डीनॉइज (मागचा गोंगाट गाळणं) पण येस करून ठेवलंय.

तारायंत्र

झालं, सापडलं निम्मं. जो माणूस आवाज पाठवतो त्याला परत मिसळलेला आवाज देताना त्याचा स्वतःचा वजा करावा लागतो, नाहीतर त्याला आपलाच आवाज घुमून ऐकू येईल. म्हणजे त्याच्यासाठी वेगळं मिश्रण आणि वेगळं एन्कोडिंग (मिश्रण कोडेकात बसवणं). जो गप्प आहे त्याचं वजा करायला काहीच नाही, म्हणून सगळ्या गप्प माणसांचं मिश्रण एकच, आणि कॉन्फब्रिज ते एन्कोडही एका कोडेकसाठी एकदाच करून सगळ्यांना वाटतं. तुमच्याकडे नव्वद मोटरी आणि नव्वद मालिका "बोलतायत". म्हणजे एकाच्या जागी नव्वद एन्कोडिंग, वर प्रत्येकाचं डीनॉइज.

स्टार्टम्यूटेड (माणूस आत येतानाच म्यूट) येस करा, डीएसपी_ड्रॉप_सायलेन्स (शांतता मिसळायलाच न घेणं) येस करा, डीनॉइज काढा. मेनूत टॉगल म्यूट एखाद्या बटणावर द्या, ज्याला विचारायचंय तो दाबेल.

दिंडोरीकर

(गुरुवार, रात्री 8:40)

मुद्दाम आज काहीच बदललं नव्हतं, काकांनी सांगितलं तसं आधी नुसतं बघितलं. 88 माणसं होती. 6:55 ला एसटी 1 च्या आसपास. सातला धाडकन 19, मग 24, मग 17. टायमिंग टेस्ट एकदा 50, पुढच्या वेळी 47, मग 46. आणि तेव्हाच आवाज फाटत होता, मी हेडफोन लावून बसलो होतो. 7:25 ला एसटी खाली आलं आणि आवाज पण सुधारला. म्हणजे आमच्या मीटिंगा पाऊण तासाच्या, त्यात पहिला निम्मा वेळ वाया, आणि सर नेमकं महत्त्वाचं सुरुवातीलाच सांगतात.

आता सातला काय होतं ते शोधलं. हिशेबाच्या सर्व्हरचा बॅकअप! कॉम्प्रेशनसकट. गुरुवारी बाजार असतो, नोंदी जास्त, म्हणून तो बॅकअप गुरुवारीच मोठा. वेळ कुणी लावली होती विचारू नका. (मी.)

जुना_एक्स्चेंजवाला

46 आणि 47 म्हणजे सेकंदाला तीन-चार पाळ्या हुकल्या. हुकलेली पाळी ॲस्टेरिस्क नंतर भरून काढत नाही, तेवढा आवाज गेलाच. "साडे" म्हणायला किती वेळ लागतो? लागोपाठ दहा-बारा पाळ्या गेल्या की संपलं. आणि व्हीसीपीयू वाढवून उपयोग का झाला नाही तेही कळलं असेल, खाली खरे कोर आठच, कागदावर कितीही लिहा. शिवाय मिसळणारा धागा (थ्रेड) एका कॉन्फरन्सला एकच असतो, तो एका वेळी एकाच कोरवर बसणार.

बॅकअप रात्री अकराला न्या, आणि फोनच्या मशीनला दोन कोर बांधून द्या. फक्त त्याला बांधून पुरणार नाही, बाकीच्या मशीनांना त्या दोन कोरवर यायला मनाई पण करा, ते लोक विसरतात.

नाशिक_रोड_९

मान्य. पण आमच्याकडे खरंच कार्डानेच सुटलं होतं हो.

तारायंत्र

सुटलं असेल. दिवसभर जी 729 चेच तीनचारशे कॉल असतील, आणि समोरचा दुसरं काही घेतच नसेल, तर कार्ड परवडतं. इथे तसं नाही.

दिंडोरीकर

(पुढचा गुरुवार)

104 माणसं!! एलॉ वर, सगळे म्यूट, डीनॉइज काढलं, बॅकअप अकराला, दोन कोर राखून, व्हीसीपीयू परत 8 चे 2 केले. लोड 9 टक्के. एसटी शून्य. टायमिंग टेस्ट पाच वेळा केली, पाचही वेळा 50. सर पोंगा अवस्थेबद्दल बोलत होते तेव्हा त्यांच्या मागे कप ठेवल्याचा आवाज पण ऐकू आला. एका आजोबांनी फोन करून विचारलं, लाईन बदलली का म्हणून.

एकच राहिलंय. प्रश्न विचारायला स्टार एक दाबायचं ठेवलंय, पण पाच-सहा जणांनी दाबून दाबून बोटं दुखवली तरी अनम्यूट होत नाहीत. बाकीच्यांचं पहिल्या फटक्यात होतं.

तारायंत्र

डीटीएमएफ_मोड (दाबलेलं बटण कसं ओळखायचं ते) काय आहे? आरएफसी 4733 (बटणाची खबर आवाजाऐवजी वेगळ्या पॅकेटात) असेल तर ऑटो करून बघा. काही कॉल त्या पद्धतीशिवाय येत असतील, तर बटणाचा आवाज नुसता आवाज म्हणूनच येतो आणि तुमचं मशीन तिकडे कान देत नाही. एलॉ वर ऑटोमध्ये तो ओळखता येईल, जी 729 वर तो सूर इतका वाकडा होतो की भरवसा नसतो.

दिंडोरीकर

ऑटो केलं. त्या सहापैकी दोघांना आत्ता फोन लावायला लावला, दोघांचंही झालं. तिसरे म्हणाले उद्या सकाळी, आत्ता जेवतोय.