रूबेत भाडं इतकं कमी का?

अमळनेरकर: पोराला उत्तर फ्रान्समध्ये रूबेला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. खोली शेजारच्या लील शहरापेक्षा बरीच स्वस्त दिसतेय, पण लोक म्हणतात गाव गरीब आहे. पाठवू का?

धुळ्याची_लेक: दादा, मी तिथे दोन वर्षं काढली. गाव गरीब आहे, खोटं कशाला बोलू? लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेलं. १९७०नंतर त्या एकेक करत बंद पडल्या. आपल्याकडे मिलचा भोंगा थांबल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. लाल विटांची चिकटून घरं, मधेच एखाद्या दुकानाचं शटर कायमचं खाली. मोत-बोस्यूची किल्ल्यासारखी गिरणी मात्र उभी आहे, आत आता कामगार-उद्योगांच्या जुन्या कागदपत्रांचं सरकारी अभिलेखागार. जुन्या जलतरण तलावाचं २००१ साली संग्रहालय झालं, तलावाच्या दोन्ही काठांना पुतळे! मेट्रोने लील वीसेक मिनिटांवर.

खोली बघताना भिंतीला हात लावायला सांगा. माझ्या कपाटामागे ओल होती, हिवाळ्यात स्वेटरला बुरशी आली. भाडं उगाच कमी नव्हतं.

अमळनेरकर: अन् खायचं?

धुळ्याची_लेक: बाजारात वांगी मिळतात, पण भरताची चव नाही भो. काळा मसाला घरूनच द्या.