शब्दचर्चा: 'कालचा मुलगा' चालेल का?

गारवेल
'स्टार ट्रेक' मालिकेवर बेतलेली ॲन क्रिस्पिनची 'यस्टरडेज सन' (१९८३) ही कादंबरी भाच्यासाठी मराठीत करतेय. शीर्षकावरच अडले. 'कालचा मुलगा' लिहिलं, तर आई म्हणाली, "कालचं पोर म्हणजे अक्कल न आलेलं. तसाच आहे का तो?" अजिबात नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: मूळ मालिकेच्या १९६९च्या एका भागात स्पॉक, म्हणजे अंतराळयानावरचा व्हल्कन या परग्रही वंशाचा अधिकारी, सार्पायडन ग्रहाच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात अडकतो. तिथे झाराबेथ नावाच्या एकाकी बाईत गुंततो आणि परत येतो. पुढे कादंबरीत गुहेतल्या एका चित्रात व्हल्कन चेहरा दिसतो आणि त्याला कळतं की तिकडे आपल्याला मुलगा झाला होता. तो लहान पोराला आणायला जातो आणि समोर उभा राहतो चांगला जाणता पुरुष. म्हणजे मुलगा पाच हजार वर्षांपूर्वीचा, पण बापाच्या हिशेबाने अगदी काल-परवाचा. हे दोन्ही शीर्षकात हवं.

तळटीप
'भूतकाळाचा मुलगा' करू नका, भुताखेतांची गोष्ट वाटेल. 'कालपुत्र'ही नको, त्यात यम डोकावतो. 'काळाआडचा' तर मुळीच नको, काळाआड गेला म्हणजे वारला. मी 'सरल्या काळाचा लेक' करेन.

जुनी वही
इथे एक मजेची गोष्ट आहे. आपला 'काल' आणि 'काळ' सख्खे नाहीत. संस्कृत 'काल'मधल्या एकट्या ल चा मराठीत ळ झाला: काळ. 'काल' मात्र 'कल्य' म्हणजे पहाट, यावरून प्राकृतातल्या 'कल्ल'मार्गे आला. जोडाक्षरातला ल टिकला. तसंच फल-फळ, पण फुल्ल-फूल. गल-गळा, पण गल्ल-गाल. हिंदीचा 'कल' त्याच पहाटेतून निघाला आणि गेला दिवस, येणारा दिवस, दोन्हीकडे लागू झाला. मराठीने त्याला मागच्याच दिवसाला बांधलं. म्हणून हे शीर्षक हिंदीत मराठीपेक्षा जास्त धूसर होईल.

गारवेल
हे माहीत नव्हतं! मला वाटायचं, 'काळ' झिजून 'काल' झाला.

सांजवारा
व्युत्पत्ती राहू द्या, वापर बघा. 'मराठी रंगभूमी: काल, आज आणि उद्या' असं शीर्षक असतं तेव्हा काल म्हणजे आदला दिवस असतो का? 'कालपर्यंत ज्या गावात वीज नव्हती' म्हणतो, तेव्हा तीस-तीस वर्षं त्या एका शब्दात जातात. 'कालचा' हाच शब्द ठेवा. अडचण 'मुलगा' या शब्दात आहे. 'कालचा लेक' म्हटलं की पोरपण गळून पडतं.

तळटीप
'काल, आज, उद्या'त शेजारचे दोन शब्द त्याला मोठा करतात. एकटा 'काल' चोवीस तासांचाच.

सांजवारा
आणि 'परवा'? तो एकटाच दोन दिशांना तोंड करून उभा असतो. माझ्या नणंदेने निरोप ठेवला, "परवाच्या मुंजीचे फोटो काढायला सांग." आम्ही समजलो, झालेल्या मुंजीचे फोटो कपाटातून काढायचे. तिला फोटोग्राफर ठरवून हवा होता. क्रियापद नसेल तर 'परवा' आणि 'तेरवा' दोघेही फसवतात. मोल्सवर्थने १८३१च्या कोशातच 'परवा'चे दोन्ही अर्थ दिलेत. कालप्रवासाच्या कादंबरीला याहून चांगला शब्द कोणता मिळणार? 'परवाचा लेक' करा!

जुनी वही
ओढाताण वाटते. वाचणारा आधी मागच्या आठवड्यातच जाईल. पण मोह समजतो.

गारवेल
'परवाचा लेक' भाच्याला विचारून बघते. दरम्यान दुसरी अडचण. स्पॉक मागे जातो तो 'गार्डियन ऑफ फॉरेव्हर'मधून, १९६७च्या भागात पहिल्यांदा दिसलेली ती बोलणारी दगडी कमान. त्याला काय म्हणू?

तळटीप
'चिरंतनरक्षक'. शुद्ध, अर्थवाही, समासही नीट.

मुक्काम सावंतवाडी
राखणदार. दुसरा शब्दच नाही. आमच्याकडे गावाच्या हद्दीवर असतो. बऱ्याच ठिकाणी मूर्तीही नसते, नुसता दगड किंवा झाड. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो, असं आजी सांगायची, आणि ती ते खरं मानूनच सांगायची. दगड आहे, वाट दाखवतो, विचारलं तर उत्तर देतो. 'चिरंतनरक्षक' बोलताना तोंडात तरी येतो का?

तळटीप
'दार' हा प्रत्यय फारसी आहे. चौकीदार, जमादार, फौजदार. घडवायचाच असेल तर आपला शब्द घडवू. 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांनी दिलेले शब्द लोक रोज वापरतात. रुळायला वेळ द्यावा लागतो.

मुक्काम सावंतवाडी
दिनांक अर्जावर. तोंडात तारीखच. आणि 'राखण' तर संस्कृत 'रक्षण'चंच पोर. त्याला फारसी शेपूट जोडून आमच्या गावाने देव केला, आता तो परका कसा?

जुनी वही
शब्दाच्या कुळावर माझा आक्षेप नाही. अर्थावर आहे. राखणदाराला गाव असतं, हद्द असते. हा कमानवाला सगळ्याच काळांचा. हद्द नसेल तर राखणार काय?

मुक्काम सावंतवाडी
काळाची शीव राखतो. कुणी मागे जाऊन काही बिघडवलं तर पुढचं सगळं पुसलं जातं, १९६७च्या गोष्टीत तेच तर होतं.

सांजवारा
'शीव' किती दिवसांनी वाचला! संस्कृत 'सीमा'चा 'शीव'. मुंबईचं शीव स्टेशनही त्यावरूनच, तिथे मुंबई बेटाची हद्द संपायची.

तळटीप
पाटीवर 'शीव' असतं आणि निम्मी मुंबई सायन म्हणते. रुळलेलं तेच बरोबर म्हणणाऱ्यांनी आता 'सायन' मराठी मानायचा का?

सांजवारा
मानायचा. माझी आजी तिथेच वाढली, ती 'शिवेला जाऊन येते' म्हणायची, आणि तिची मुलं सायनला जातात.