साम्राज्यवादविरोधी एकजूट: 1930 ची चूक मोठी की 1942 ची?

परळनाका
राष्ट्रवाद हा भांडवलदारांचा खेळ आहे, कम्युनिस्टांनी त्यापासून चार हात लांब राहावं, असं आजही ऐकू येतं. 1920 मध्ये कॉमिंटर्नच्या (जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या) दुसऱ्या अधिवेशनात याच मुद्द्यावर लेनिन आणि भारतीय कम्युनिस्ट मानवेंद्रनाथ रॉय यांच्यात मतभेद झाले. शेवटी 'बूर्झ्वा-लोकशाहीवादी' चळवळीऐवजी 'राष्ट्रीय-क्रांतिकारी' असा शब्द आला. फरक शब्दाचा नव्हता, अटीचा होता: जी चळवळ कामगार-शेतकऱ्यांची संघटना बांधू देते, तिच्याशी करार करा, पण तिच्यात विरघळू नका.

मुंबईत ही अट काही काळ पाळली गेली. 1928 मध्ये जोगळेकर, निंबकर हे डावे पुढारी काँग्रेसमध्येही होते आणि कम्युनिस्टांच्या प्रभावाखालच्या कामकरी शेतकरी पक्षातही. फेब्रुवारीत सायमन कमिशनविरुद्ध निदर्शनं झाली आणि एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप चालला. वर्षअखेरीस कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर होती. त्याच वर्षी कॉमिंटर्नच्या सहाव्या अधिवेशनाची 'वर्गाविरुद्ध वर्ग' (भांडवलदारी पक्षांशी आघाडी नको) ही भूमिका आली आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात युनियन बाहेर राहिली. पोलिसांच्या लाठ्या खायला लोक रस्त्यावर होते आणि लाल बावटा बाजूला उभा होता. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक ही.

चरखा
1930 ला निदान कारण होतं. 12 एप्रिल 1927 ला शांघायमध्ये चिनी राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेकने आपल्या आघाडीतल्याच कम्युनिस्टांची कत्तल केली होती. त्या धसक्यातून आलेली ती भूमिका. शिवाय मार्च 1929 च्या मीरत कट खटल्याच्या धरपकडीत कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात गेले आणि 1929 चा संप फसला. युनियन खचली ती फक्त भूमिकेमुळे नव्हे.

1942 ला असं काय कारण होतं? 2 ऑक्टोबर 1939 ला मुंबईत सुमारे 90 हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध संप केला, तो कम्युनिस्टांनीच घडवलेला. 22 जून 1941 ला जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि डिसेंबरपर्यंत पक्षाच्या लेखी साम्राज्यवादी युद्धाचं पाठिंबा देण्याजोगं 'लोकयुद्ध' झालं. कामगाराच्या दृष्टीने व्हाइसरॉय तोच, शिपाई तोच, पगार तोच. जुलै 1942 मध्ये पक्षावरची बंदी उठली. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर काँग्रेसच्या बैठकीत 'छोडो भारत' ठरावाच्या विरोधात 13 मतं पडली, बहुतेक कम्युनिस्टांची. देश तुरुंगात जात असताना पक्ष कायदेशीर झाला, हे लोक विसरले नाहीत.

साचेखातं
तुम्ही दोघेही पक्षाची भूमिका कुठून आली एवढंच बोलताय. एकजूट साच्यावर (मागावर) कशी तुटते ते पाहा. धोट्यात (आडवा धागा नेणाऱ्या शटलमध्ये) सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्यांना साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, येऊ देत नसत. आणि चांगला पगार साचेखात्यातच. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी बजावलं की सगळी खाती खुली करण्याची मागणी नसेल तर आपल्या लोकांना संपात राहा असं सांगणार नाही. तेव्हा कुठे ती मागणी नाखुशीने घेतली गेली. बंदी कामगारांनीच घातलेली होती, मालकांवर ढकलायची सोय नव्हती. वर्गाची एकी कागदावर गृहीत धरली तर अशी अडते. राष्ट्राचंही तेच होतं.

परळनाका
हा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. म्हणूनच मी 7 नोव्हेंबर 1938 चं उदाहरण पुढे करतो. मुंबई प्रांतातल्या खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचं औद्योगिक कलह विधेयक होतं: आधी समेटाची सक्ती, ती प्रक्रिया डावलून संप केला तर तो बेकायदा आणि शिक्षा. 1936 नंतर कम्युनिस्ट पुन्हा काँग्रेसमध्ये काम करत होते. तरीही ते आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर एक दिवसाच्या संपात उतरले. विधेयक पास झालंच, पण करार करूनही विरघळायचं नाही म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं.

1942 बद्दल: मार्चमध्ये रंगून पडलं होतं, एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर जपानी बाँब पडले. धोका खरा होता. फॅसिझमविरोध चूक नव्हता; संप टाळा, उत्पादन वाढवा, हे ब्रिटिश सरकार जागेवर असताना सांगणं चूक होतं.

चरखा
तेच तर म्हणतोय. धोका खरा होता, म्हणून तर लोकांना आपलं सरकार हवं होतं. त्याच काळात साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. पक्ष तिथे असता तर? 1957 ला हेच क्रांतिसिंह साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले, म्हणजे माणूस परका नव्हता. आणि सप्टेंबर 1942 चा कम्युनिस्ट नेते गंगाधर अधिकारींचा राष्ट्रीयत्वांच्या स्वयंनिर्णयाचा ठराव घ्या. त्यातून मुस्लिम लीगची पाकिस्तानची मागणी बळकट झाली, पण लीगच्या पाठीराख्यांमध्ये पक्ष वाढला नाही.

साचेखातं
अधिकारींच्या ठरावावर सगळं ढकलू नका. फाळणी त्याने घडवली नाही. पण फेब्रुवारी 1946 पाहा. मुंबईतल्या 'तलवार' या नौदल तळावर 18 तारखेला नौसैनिकांनी बंड केलं, जहाजांवर काँग्रेस, लीग आणि लाल असे तीन झेंडे एकत्र चढले. 22 ला पक्षाच्या हाकेवर गिरण्या बंद. परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीबारात गेल्या. मुंबईत दोनशेहून जास्त नागरिक मेले. काँग्रेस आणि लीग, दोघांनी शरणागतीचा सल्ला दिला आणि 23 ला बंड संपलं. रस्ता पक्षाच्या हातात होता, पण वाटाघाटीच्या टेबलावर त्याचं कुणीच नव्हतं. 1945 संपेपर्यंत कम्युनिस्ट काँग्रेसबाहेर पडले होते, आणि त्याचं मूळ 1942 मध्ये. इथे चरखांशी मी सहमत.

परळनाका
पण 22 ला गिरण्या कुणाच्या हाकेवर बंद झाल्या, याचं उत्तर 1928 मध्येच आहे. त्या चाळींमध्ये अठरा वर्षं झालेलं काम 1942 मुळे पुसलं गेलं नव्हतं. 1930 मध्ये तेच कामगार मिठाच्या लढ्यात आपल्या झेंड्याखाली उतरले असते, तर पक्षाला 1936 मध्ये काँग्रेसच्या दारावर नव्याने थाप मारावी लागली नसती. म्हणून मी अजूनही 1930 वरच ठाम आहे.