शेफच्या नोकरीत हातात नेमके किती पडतात? भाच्याच्या ऑफरबद्दल सल्ला हवा आहे

अनघा_के: नमस्कार. भाच्याचं हॉटेल मॅनेजमेंट झालं. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात कॉमीची (किचनमधला सगळ्यात खालच्या पायरीचा शेफ) ऑफर आहे: वर्षाला 3 लाख सीटीसी (कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च), बेसिक महिना 15,000. ताई महिना 25,000 धरून बसली आहे. टॅक्स जाऊन हातात किती येतील? त्याला पुढे क्रूझवर जायचंय, तिथला पगार करमुक्त असतो का?

हिशेबनीस: अनघाताई, इन्कम टॅक्स शून्य. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत करच नाही. पुढेही 75,000 ची वजावट आणि सूट धरून 12,75,000 पगारापर्यंत काही भरावं लागत नाही. कात्री लागते ती दुसरीकडे. 25,000 मध्ये हॉटेलच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 721 धरलेले असतात. ग्रॉस राहिला 22,479. त्यातून त्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात 20,479, फेब्रुवारीत 100 कमी. हा हिशेब ईएसआय (कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) लागू नाही असं धरून आहे; तो लागू आहे का आणि नसेल तर मेडिक्लेम आहे का, ते विचारा.

माजी_सूशेफ: आकडे बरोबर. फक्त त्या 721 वर भिस्त नको. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग 5 वर्षं लागतात आणि आमच्या लाईनीत कॉमीचा डीसीडीपी (वरची पायरी), डीसीडीपीचा सीडीपी (किचनच्या एका विभागाचा शेफ) व्हायला पोरं दीड-दोन वर्षांत हॉटेल बदलतात. मी तीन हॉटेलं बदलली, ग्रॅच्युइटी एकाही ठिकाणी मिळाली नाही. पीएफ मात्र दर वेळी त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करायला सांगा. मी पहिला काढून खाल्ला, त्याची अजून हळहळ वाटते.

पगारापेक्षाही हे विचारा: सर्व्हिस चार्ज किचनला वाटतात की फक्त सर्व्हिसवाल्यांना? स्टाफ राहण्याची सोय आहे का? ड्यूटी मील मिळतं का? ब्रेक शिफ्ट असेल तर दुपारचे तीन-चार तास पोरगं कुठे काढणार? पुण्यात खोलीभाडं खिशातून गेलं तर 20,479 फार पुरत नाहीत. राहायची सोय असेल तर हीच ऑफर चांगली आहे.

अनघा_के: फार मोलाचं सांगितलंत. आणि क्रूझ?

हिशेबनीस: करमुक्त आपोआप होत नाही. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी भरला, तर तो अनिवासी ठरतो आणि परदेशी जहाजावरच्या कामाच्या पगारावर इथे कर लागत नाही. तो पगार इथल्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं बँक खातं) जमा झाला, तरी तेवढ्यामुळे करपात्र ठरत नाही, असं 2017 च्या 13 क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट आहे. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट दोन आर्थिक वर्षांत विभागलं गेलं की गणित फसतं. सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंदवही) आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवायचे.

माजी_सूशेफ: आणि कॉन्ट्रॅक्ट संपून घरी बसलेल्या महिन्यांना बहुतेक ठिकाणी पगार नसतो. डॉलरचा आकडा बारा महिन्यांवर पसरून बघा, मग तुलना करा.

अनघा_के: ताईला 20,479 चा हिशेब आत्ताच वाचून दाखवला. राहण्याची सोय आणि सर्व्हिस चार्ज, हे दोन्ही तो उद्या एचआरला विचारणार आहे. कळलं की इथेच लिहिते.