ब्लॉग शोधात मागे पडला आहे, आणखी प्लगइन बसवावीत का?

प्रश्न – रानवाटा
नमस्कार. वनस्पतींविषयीचा माझा वर्डप्रेसवरील ब्लॉग चार वर्षे नियमित सुरू आहे. गेल्या तीन महिन्यांत गूगलवरून येणारे वाचक निम्म्याहून कमी झाले. शोधक्रम सुधारावा म्हणून मी योस्ट आणि रँक मॅथ ही दोन्ही प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची पूरक साधने) बसवली, प्रत्येक लेखाच्या कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधील वाचकांना न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या यादीत, भरपूर शब्द घातले, तरी फरक पडला नाही. शोधक्रम, सुरक्षा आणि वाचकसंख्या यांसाठी आणखी कोणती साधने घ्यावीत, हे कृपया सांगावे.

उत्तर – पानगळ
त्या दोनपैकी एक प्लगइन आजच काढून टाका. दोन्ही एकच काम करतात आणि एकाच पानाची दोन वर्णने, दोन साइटमॅप (शोधयंत्रासाठीच्या पानांच्या याद्या) तयार होऊन गोंधळ वाढतो. कीवर्डचा टॅग तर गूगल क्रम लावताना पाहतच नाही. हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केले आहे.

नवे साधन हवेच असेल तर ते एकच, गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली पाने गूगलच्या शोधात कशी दिसतात हे मालकाला दाखवणारी गूगलचीच सेवा. ते विनामूल्य आहे आणि मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी दाखवते. वाचक घटण्यापूर्वीचे तीन महिने आणि आताचे तीन महिने शेजारी ठेवून पाहा. तुमचे लेख शोधात पूर्वीइतकेच दिसत असतील आणि केवळ क्लिक कमी झाले असतील, तर शीर्षके आणि वर्णने तपासावी लागतील. पण दिसण्याचेच प्रमाण घसरले असेल, तर बहुधा ती पाने क्रमात खाली गेली आहेत किंवा गूगलच्या अनुक्रमणिकेतून वगळली गेली आहेत. वगळली असल्यास त्याचे कारण ‘पेजेस’ या अहवालात प्रत्येक पानागणिक मिळते. निदान न करता औषधे वाढवू नयेत, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे.

उत्तर – जुनीवही
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र सुरक्षेचा प्रश्न यापासून वेगळा काढू नका. माझेही वाचक असेच घटले होते आणि मी दोन महिने शीर्षके बदलत बसलो. शेवटी गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि पुढे ब्लॉगचा पत्ता टाकला, तेव्हा मी कधीही न लिहिलेली जपानी मजकुराची शेकडो पाने माझ्याच पत्त्यावर निघाली. विकत घ्यायची थीम (ब्लॉगच्या मांडणीचा तयार साचा) मी कुठूनतरी फुकट उतरवून घेतली होती आणि तिच्यातूनच घुसखोरी झाली होती.

तुम्हीही हा शोध घेऊन पाहा. वर्डफेन्स या सुरक्षा प्लगइनने फायली तपासता येतात. लॉगिनला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणारी) लावा आणि अपड्राफ्टप्लस या प्लगइनने घेतलेला बॅकअप त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे साठवा. तो एकदा तरी प्रत्यक्ष परत चढवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

उत्तर – ओळखपाळख
वाचकसंख्येबाबत थोडेसे. पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पान तपासा. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि वनस्पतींच्या ब्लॉगवर तो बहुधा छायाचित्रच असतो, म्हणून छायाचित्रे आकाराने लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात चढवा. याखेरीज ईमेलने लेख पाठवण्याची सोय करा, म्हणजे सगळी भिस्त शोधयंत्रावर राहणार नाही.

प्रश्नकर्ता – रानवाटा
सर्वांचे मनापासून आभार. तो शोध घेतला आणि मला अजिबात माहीत नसलेली औषधविक्रीची पाने सापडली. सर्च कन्सोलमध्ये मालकांच्या यादीत एक अनोळखी ईमेल पत्ताही आहे. तो लगेच काढून टाकू का?

उत्तर – जुनीवही
आधी त्याने मालकी सिद्ध करण्यासाठी ठेवलेली पडताळणीची फाइल किंवा टॅग सर्व्हरवरून हटवा, मग पत्ता काढा. नाहीतर तो पुन्हा मालकी मिळवेल. त्यानंतर सर्व पासवर्ड बदला, ब्लॉग पूर्ण स्वच्छ करा आणि कन्सोलच्या सुरक्षा अहवालात इशारा दिसत असल्यास तेथूनच फेरतपासणीची विनंती पाठवा.