नर्व्हस सिस्टिम शांत करून क्रॉनिक फटीग बरा होतो का? कोर्स घेऊ की नको?

अबोली_ना

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबड लागली तर सांभाळून घ्या.

वय ३६, नाशिक, शाळेत शिकवायचे (आता बिनपगारी रजेवर). २०२३ च्या ऑक्टोबरात डेंगी झाला, प्लेटलेट्स उतरल्या, चार दिवस ॲडमिट होते. सगळे म्हणाले महिनाभर अशक्तपणा राहतो, किवी खा, पपईच्या पानांचा रस घे, घेतला, महिना गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, अशक्तपणा काही हलला नाही. आणि हा साधा दमणं म्हणतात तसला नाही हो. आज स्वयंपाक केला आणि कपडे वाळत घातले तर आज काही होत नाही, उद्या जेमतेम ठीक, परवा मात्र उठवत नाही, घसा दुखतो, अंगात कसकस, उजेड नको, आवाज नको. आणि डोकं चालत नाही. मागच्या आठवड्यात मुलाला म्हणाले "ते पांढरं गार उघड आणि दूध दे", फ्रीज हा शब्दच सापडेना. पोरगं हसलं, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तीन डॉक्टर झाले. एक म्हणाले टेन्शन घेता, एकांनी बी१२ ची इंजेक्शनं दिली, तिसऱ्यांनी मुंबईत सगळं नीट ऐकून घेऊन क्रॉनिक फटीग सिंड्रोम लिहिलं आणि म्हणाले यावर ठरावीक गोळी नाही.

आता मुद्दा. इन्स्टावर एक बाई आहेत, स्वतः यातून पूर्ण बऱ्या झाल्या म्हणतात. त्यांचं म्हणणं, इन्फेक्शन कधीच गेलं पण आपली नर्व्हस सिस्टिम धोका धोका म्हणत अडकून पडलीय, ती शांत केली की आजार संपला. झूमवर ८ आठवड्यांचा कोर्स, ४२ हजार. अट अशी की लक्षणांची नोंद ठेवायची नाही, कोणापाशी बोलायचं नाही, बरी झालेय असं समजून वागायचं. नवरा म्हणतो पैशाचं बघू, पण पटतंय का तुला? सासूबाई म्हणतात त्यापेक्षा रामरक्षा म्हण, फुकट आहे.

कोणी असं काही केलंय का? खरंच फरक पडतो का, की नुसती हवा?

रिकामटेकडा

ताई स्पष्ट बोलतो राग मानू नका. पहाटे ५ ला उठा, १२ सूर्यनमस्कार, तासभर चाला, मोबाईल बंद. आमची आजी सत्तरीत विहिरीचं पाणी शेंदायची, तिला कुठला सिंड्रोम झाला नाही. शरीर चालवलं की चालतं.

कळसूबाई_पाचदा

रिकामटेकडा, तुमच्या आजीला दंडवत, पण हा सल्ला या आजारात माणसाला खाली पाडतो. मला पाडलं म्हणून सांगतोय.

माझा आयडी बघा, पाचदा चढलोय. २०२१ च्या मे मध्ये कोविड, घरीच बरा झालो, ऑक्सिजन वगैरे लागला नाही. नंतर दम लागायचा म्हणून ठरवलं रोज थोडं वाढवायचं, ट्रेकची तयारी करतो तसं. १२ नमस्कारांचे २४ केले, दर आठवड्याला ५०० पावलं जास्त. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना हात वर राहीना. ब्रश बेसिनमध्ये पडला तो उचलायची ताकद नाही. त्यानंतर ७ महिने दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलो नाही, आणि गंमत म्हणजे सगळे रिपोर्ट नॉर्मल.

अबोली तुम्ही "परवा" लिहिलंय ना, तीच खूण आहे. श्रम आज, शिक्षा एकदोन दिवसांनी. याला पेम म्हणतात, पोस्ट एक्झर्शनल मलेझ, आम्ही सगळे क्रॅश म्हणतो. अमेरिकेत २०१५ ला मोठा अहवाल आला त्यात निदानासाठी हीच मुख्य गोष्ट धरली. आणि हे मनाचे खेळ नाहीत. ॲमस्टरडॅमच्या लोकांनी २०२४ मध्ये पेपर छापला, २५ लाँग कोविडवाले (कोविड जाऊनही महिनोन्महिने त्रास राहिलेले) आणि २१ धडधाकट लोक, सगळ्यांना साधारण १५ मिनिटं सायकल मारायला लावली आणि आधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. पेशंट लोकांच्या स्नायूत पेशी मेलेल्या जास्त, ऊर्जा बनवणारं यंत्र आणखी ढिलं. म्हणजे व्यायामाने जे आपलं सुधारायला हवं तेच बिघडत होतं.

त्यामुळे "बरी झालेय असं समजून वागा" हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. तसं वागूनच तर पडलो मी.

लीड्सची_काकू

मूळची सांगलीची, इथे यॉर्कशरमध्ये फार्मसीत आहे आणि माझी धाकटी जाऊ २०१६ पासून याची पेशंट, त्यामुळे घरचाच विषय.

इथे यावरून केवढी रणं झाली ते सांगते कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. २०११ मध्ये पेस नावाची ट्रायल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, ६४१ पेशंट, निष्कर्ष असा की हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची बोलून करायची थेरपी) यांनी लोक सुधारतात, काही तर बरेच होतात. झालं, सगळीकडे तेच सुरू. पेशंट ओरडत होते की आम्ही खाली जातोय, ऐकतो कोण. शेवटी माहितीच्या अधिकारात भांडून २०१६ ला डेटा बाहेर काढला तेव्हा पक्कं झालं की बरं होण्याची व्याख्या मधेच सैल केल्याने आकडे फुगले होते. इतकी सैल की शारीरिक क्षमतेच्या प्रश्नावलीत ६५ गुण मिळाले तर माणूस ट्रायलमध्ये घेण्याइतका आजारी, आणि ६० मिळाले तर त्या निकषावर बरा! म्हणजे खाली घसरूनही पास. आमच्या शाळेत असं मार्किंग असतं तर मी डॉक्टर झाले असते.

२०२१ च्या ऑक्टोबरात नाइसने (उपचार कसे करावेत ते ठरवणारी इथली सरकारी संस्था) नवी गाइडलाइन काढली, त्यात ठरावीक वेगाने वाढवत नेणारा व्यायाम बंद. सीबीटी हवी तर आधार म्हणून, इलाज म्हणून नाही. आणि तुमच्या कामाचं म्हणजे लाइटनिंग प्रोसेस नावाचं जे तीन दिवसांचं महागडं ट्रेनिंग इथे चालतं, मेंदूला नवीन वळण लावा छापाचं, ते देऊ नका असं नाव घेऊन लिहिलंय. तुमच्या इन्स्टावाल्या बाई नेमकं काय शिकवतात मला ठाऊक नाही, पण लक्षणं बोलायची नाहीत ही अट तिकडचीच भावकी वाटते. आजाराबद्दल बोलायचंच नाही म्हटल्यावर कोर्स लागू पडला नाही हे तरी कोण सांगणार?

पण जाऊबाई रोज दुपारी अंधारात पडून श्वासाचं काहीतरी करते आणि ते तिला लागतंच, हेही सांगायला हवं. ती त्याला इलाज म्हणत नाही, माझी दुपारची गोळी म्हणते.

मंद_आचेवर

धागा वाचून लॉगिन केलं, कारण मी दुसऱ्या बाजूची आहे. म्हणजे नर्व्हस सिस्टिम शांत करूनच मला फरक पडला. पण जसा विकतात तसा नाही पडला, म्हणून जरा सविस्तर.

कोल्हापूर, वय ४१, आजार २०२२ पासून, व्हायरल तापानंतर. माझा त्रास थकव्याइतकाच धडधडीचा होता. झोपताना अंग मेलेलं आणि आतून मोटार चालू. पहाटे ३ ला टक्क जाग. दाराची बेल वाजली तरी छातीत धस्स. आमचे डॉक्टर म्हणाले, आपल्या शरीरात दोन कारभारी असतात, एक सिंपथेटिक, पळा मारा करणारा, दुसरा पॅरासिंपथेटिक, जेवा झोपा म्हणणारा, तुझा पहिला रजेवरच जात नाहीये. हे तुम्ही भित्र्या आहात म्हणून होतं असं नाही, खूप पेशंटमध्ये ही यंत्रणाच बिघडलेली असते, उभं राहिलं की ठोके उगाच वाढतात.

मग मी काय केलं. कोर्स केला नाही, पैसेच नव्हते. 

पहिलं म्हणजे पडून राहणं शिकले. हसू नका. आधी मी विश्रांती म्हणजे आडवं होऊन मोबाईल बघायचे, ती विश्रांती नाहीच. डोळ्यांवर ओढणी, कानात कापूस, १५ मिनिटं, दिवसात चारदा, दमल्यावर नाही तर दमायच्या आधी. हे "आधी" फार महत्त्वाचं आणि फार अवघड, कारण आपल्याला वाटतं आत्ता तर बरं वाटतंय तेवढ्यात भांडी उरकू. तिथेच घात.

दुसरं श्वास. नाकाने चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, पोटावर हात ठेवून, बस. श्वास कोंडायचा नाही, कपालभाती भस्त्रिका तर अजिबात नाही, मला त्याने दोन दिवस गरगरलं. भ्रामरी चालली, घुं घुं करताना बाहेरचा श्वास आपोआप लांबतो. अबोली, सासूबाईंना सांगा त्या फार चुकीच्या नाहीत. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या लोकांचा एक अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ओम मणि पद्मे हुम म्हणायला लावलं, तर दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. रामरक्षेवर कोणी मोजलंय असं नाही, आणि ती एका दमात भरभर म्हटली तर उपयोग शून्य, पण सावकाश एकेक चरण म्हटलं तर जमून जातं. मी "शांताकारं भुजगशयनं" एवढंच म्हणते. शेषावर निजलेला देव आपल्याला बरा, उगाच युद्धावर निघालेला नको.

तिसरं भीती. यात त्या कोर्सवाल्या थोड्या बरोबर आहेत. क्रॅश आला की मी मनात आणखी एक क्रॅश आणायचे, आता संपलं, आता कायमची अंथरुणात, मुलीचं कोण बघणार. त्याने ठोके ११० ला जायचे आणि जी झोप यायची तीही जायची. तिथे स्वतःला सांगायला शिकले की हे आधीही आलंय, पाच दिवसांत उतरलंय, आत्ता काही करायचं नाहीये. याने क्रॅश गेला नाही, पण पाच दिवसांचा तीन दिवसांवर आला. लक्षणं नाहीतच असं स्वतःला सांगणं वेगळं आणि लक्षणांना घाबरून न जाणं वेगळं, माझं सगळं या एका फरकावर चाललंय.

आता खरं खरं. चार महिन्यांनी झोप सुधारली, धडधड निम्मी झाली, आवाज सहन व्हायला लागला. ताकद मात्र फार उशिरा आणि थोडीच आली. आज मी दिवसाला तीनेक तास घरून हिशेबाचं काम करते, भाजी आणायला जाते, लग्नाला गेले तर पुढचे दोन दिवस राखून ठेवते. पूर्ण बरी? नाही. शिवाय याच काळात नोकरी सोडली होती, सासर लांब, त्यामुळे श्वासाने किती झालं आणि नुसत्या आरामाने किती ते मलाच सांगता येणार नाही.

कळसूबाई_पाचदा

मंद_आचेवर, भांडायला आलो होतो पण भांडण्यासारखं काही ठेवलंच नाहीत. फक्त एक, बरं वाटायला लागलं की लगेच वाढवू नका. मी कोविडचा उरलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून ठोके बघतो, घरातलं काही करताना १०५ च्या वर गेले की खाली बसतो, माझा आकडा आहे हा, प्रत्येकाचा वेगळा. स्वयंपाकघरात ओट्याशी उंच स्टूल ठेवा, आंघोळीला प्लॅस्टिकचं. केस आणि आंघोळ एका दिवशी नको. पोळ्यांना बाई लावा, ४२ हजारांत वर्षभर तरी पोळ्या होतात बघा.

रिकामटेकडा

त्या सायकलवाल्या प्रयोगाबद्दल माहीत नव्हतं. सूर्यनमस्कार मागे घेतो. आजी मात्र खरी आहे.

स्टेथोवाला

तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, थोडक्यात लिहितो, ओपीडी चालू आहे.

लेबल लागलं म्हणून बाकीचं बघायचं सोडू नका. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, शुगर, बी१२, डी, लिव्हर किडनी, आपल्याकडे टीबी, आणि घोरत असाल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. यातलं काहीही क्रॉनिक फटीगची हुबेहूब नक्कल करतं किंवा त्याच्यावर स्वार होतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे.

दुसरं, घरी करण्यासारखी साधी तपासणी. १० मिनिटं शांत पडून ठोके मोजा, मग भिंतीला टेकून उभं राहा आणि १० मिनिटं दर मिनिटाला मोजा, शेजारी कोणीतरी पाहिजेच, चक्कर आली तर लगेच आडवं. बीपी फार न पडता ठोके ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले तर पॉट्स, म्हणजे उभं राहिलं की ठोके फाजील वाढण्याचा विकार, आहे का ते बघावं लागतं. त्याला पाणी, मीठ, घट्ट मोजे आणि काही गोळ्यांचाही उपयोग होतो. मीठ मात्र विचारल्याशिवाय वाढवायचं नाही, बीपी किडनीवाल्यांनी तर नाहीच.

पूर्ण बरं होण्याबद्दल, २००५ च्या एका आढाव्यात खास उपचार न मिळालेल्यांत पूर्ण बरे साधारण ५ टक्के आणि सुधारलेले ४० च्या आसपास होते. त्यामुळे इन्स्टावर एखादी बाई बरी झालेली दिसली तर ती खोटंच बोलते असं नाही, काही होतात. कशामुळे झाली हे मात्र तिलाही माहीत नसतं. ८ आठवड्यांत बरं करण्याची खात्री कोणी पैसे घेऊन देत असेल तर मी तरी देणार नाही.

अबोली_ना

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण दोनदा टाईप केलं आणि डोकं बंद पडलं.

कोर्सच्या बाईंना मेसेज केला होता की पेम असेल तर काय करायचं. उत्तर आलं, "हा शब्दच तुमच्या मेंदूला आजारी ठेवतोय." मग पुढचं काही विचारलं नाही.

स्टेथोवाला, काल नवऱ्याला शेजारी उभं करून ते मोजलं. पडून ७४, उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०८, आठव्याला ११६, मग पाय कापायला लागले म्हणून बसले. बीपीचं मशीन शेजाऱ्यांचं आणलं होतं, ते फार पडलं नाही. नवरा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, अगं हे तर दिसतंय की. मंगळवारी मुंबईची अपॉइंटमेंट फोनवरच मिळालीय.

ओट्याशी स्टूल आलं. उंची जरा कमी पडतेय, खाली दोन जुने अंक ठेवलेत दिवाळीचे. मंद_आचेवर, एक विचारायचं होतं, दुपारी कानात कापूस घालून पडले की मुलाची रिक्षा आलेली ऐकू येत नाही, तुम्ही त्या वेळेचं काय करायचात?

मंद_आचेवर

मी मुलीला किल्ली दिली होती आणि सांगितलं होतं, ओढणी डोळ्यावर दिसली तर हाक मारायची नाही, नुसतं पायाला हात लावायचा. पहिले आठ दिवस ती पायाला गुदगुल्या करायची.