निळा देवमासा पाहायला नागपूरहून जावे का? (चर्चा धागा)

धरमपेठकर (धागाकर्ता):

ताडोबा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याला नियमित जाणाऱ्या आमच्या मंडळींत या हिवाळ्यात श्रीलंकेतील मिरिस्साला जाऊन निळा देवमासा पाहण्याचे घाटत आहे. सहलीच्या निवेदनात एक वाक्य ठळकपणे दिले आहे: पाहिल्याशिवाय जिव्हाळा निर्माण होत नाही आणि जिव्हाळ्याशिवाय संवर्धन होत नाही. मला हे वाक्य मान्य नाही.

विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात साडेतीन लाखांच्या आसपास निळे देवमासे मारले गेले. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिक समुद्रात हा आकडा २९,००० च्या वर होता, कारण तोवर स्फोटक हार्पूनच्या, म्हणजे तोफेतून डागायच्या भाल्याच्या, जोडीला अख्खे धूड मागच्या उतारावरून डेकवर ओढून घेणारी कारखाना-जहाजे आली होती. ही कत्तल पर्यटकांनी थांबवलेली नाही. १९६६ मध्ये देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने निळ्या देवमाशाला संरक्षण दिले, १९७९ मध्ये हिंदी महासागर अभयारण्य जाहीर केले आणि १९८६ पासून व्यापारी शिकारीवरची बंदी लागू झाली. त्यासाठी ज्यांनी आपापल्या सरकारांवर दबाव आणला, त्यांतील बहुतेकांनी हा प्राणी जन्मात पाहिलेला नव्हता. न पाहताही माणूस एखाद्या जिवासाठी उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

दुसरा मुद्दा आपल्या घरचा आहे. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत बसलेल्यांनाही वाघाविषयी जिव्हाळाच वाटत असणार. जिथे गेट आहे, गाइड आहे, वनरक्षक आहे, तिथे आपण असे वागतो. मग जिथे रस्ताही नाही आणि रक्षकही नाही, अशा खुल्या समुद्रात आपण कसे वागू?

वैनगंगेकाठी:

धरमपेठकर, इतिहास तुम्ही नेमका मांडलात, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. १९६६ चे संरक्षण कळवळ्यातून आलेले नाही. तोवर मारण्याजोगे निळे देवमासे फारसे उरलेच नव्हते. आणि कागदावरचे नियम किती पाळले गेले, तेही पाहा. सोव्हिएत ताफ्यांनी १९६० च्या दशकात अरबी समुद्रातसुद्धा निळे देवमासे चोरून मारले आणि आयोगाला खोटे आकडे कळवले. हा प्रकार जगापुढे आला तो १९९० च्या दशकात. आपल्या किनाऱ्यासमोरचा हा समुद्र, पण त्या वेळी तिकडे कोणाचेही लक्ष नव्हते. पाहणारे डोळे नसले की असेच होते.

आता मिरिस्साकडे येऊ. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा भूशिरापाशी, किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अतिशय अरुंद असल्यामुळे खोल पाणी किनाऱ्याच्या जवळ येते, आणि म्हणून निळे देवमासेही तिथे जवळ येतात. दुर्दैवाने जगातील अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग त्याच पाण्यातून जातो. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांनी या देवमाशांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवून दिले की ते थंड समुद्राकडे स्थलांतर न करता याच उष्ण पाण्यात राहतात, म्हणजे जहाजांच्या वाटेतून त्यांची सुटका नाही. पुढच्या अभ्यासांतून असे निघाले की हा मार्ग सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धडकेचा धोका ९५ टक्क्यांनी कमी होईल. ती पाहणी करण्यासाठी मिरिस्सात देवमासे दाखवणाऱ्या व्यावसायिकांचीच मदत झाली होती. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे आपणहून दक्षिणेकडून नेण्यास सुरुवात केली. रोज समुद्रावर जाणाऱ्या बोटी तिथे नसत्या, तर हे सगळे कितपत घडले असते?

धरमपेठकर:

वैनगंगेकाठी, अरबी समुद्रातील शिकारीचा मुद्दा मोलाचा आहे आणि तो मी मान्य करतो. परंतु त्या अभ्यासाला अभ्यासकांची गरज होती, माझ्यासारख्या हौशी माणसाची नव्हती. बोट अभ्यासासाठी गेली म्हणून तीच बोट दीडशे प्रवासी भरून गेली तरी चालेल, असे होत नाही. शिवाय एमएससीने केले ते स्वेच्छेने केले; अधिकृत जहाजमार्ग बदललेला नाही आणि इतर जहाजे आजही त्याच पाण्यातून जातात. तो बदलायचा तर श्रीलंकेच्या सरकारने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे प्रस्ताव न्यायला हवा. भारतात येणारा-जाणारा माल त्याच वाटेने जातो, म्हणजे या प्रश्नात आपण ग्राहक म्हणूनही गुंतलेलो आहोत. नागपुरात बसून त्यासाठी आवाज उठवता येतो आणि त्याकरिता तिकीट काढावे लागत नाही.

महालातील प्रवासी:

मी मिरिस्साला जाऊन आले आहे, म्हणून लिहिते आहे. पहाटे बंदरातून एकामागून एक बोटी निघाल्या. बराच वेळ काहीही दिसले नाही. मग दूरवर पाण्यातून धुक्याचा एक उभा स्तंभ वर गेला. निळ्या देवमाशाचा हा उच्छ्वास नऊ मीटरपर्यंत उंच जातो, हे मी आधी वाचले होते, तरी प्रत्यक्षात तो पाहताना अंगावर शहारा आला. त्यानंतर पाठ दिसू लागली, आणि दिसतच राहिली. फिकट करड्या-निळ्या कातडीवर पुसट ठिपक्यांची नक्षी होती. हीच नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते आणि तिच्या छायाचित्रांवरून अभ्यासक एकेक प्राणी ओळखतात. खूप मागे, शेपटीजवळ, त्या देहाला न शोभणारा एक लहानसा पर होता. शेपूट वर उचलून तो खाली गेला आणि त्या जागी पाण्यावर काचेसारखा गुळगुळीत वर्तुळाकार पट्टा काही वेळ तसाच राहिला.

पुढचे सांगणेही माझे कर्तव्य आहे. तो खाली जाताच सगळ्या बोटींनी वेग घेतला आणि तो पुन्हा कुठे वर येईल याचा अंदाज बांधून त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या बोटीवरचा एक मुलगा मोठमोठ्याने मोजत होता की आता किती मिनिटांनी तो श्वास घ्यायला येईल. तो आला तेव्हा समोर बोटींची रांग होती, आणि एक-दोन श्वास घेऊन तो लगेच खाली गेला. सस्तन प्राणी आहे; श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. आम्ही त्याच्या श्वासाच्या जागेवरच उभे होतो. श्रीलंकेत किमान अंतराचे नियम आहेत, परंतु त्या सकाळी ते कोणी पाळताना मला दिसले नाही. मी गेले याचा मला पश्चात्ताप नाही, पण धरमपेठकरांची शंका निराधार आहे असेही मी म्हणू शकत नाही.

बुटीबोरीकर:

माझे मत स्पष्ट आहे: जावे. ताडोबाच्या आसपासच्या गावांतील किती घरे आज गाइड आणि जिप्सीच्या कामावर उभी आहेत, हे आपण सर्व जाणतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबवले होते, तेव्हा त्या गावांतील चिंता आपण जवळून पाहिली आहे. शेवटी न्यायालयाने नियम घालून ते पुन्हा सुरू केले. मिरिस्साच्या कोळ्याला जिवंत देवमाशातून उत्पन्न मिळत असेल, तर तोच त्याचा पहिला राखणदार होईल. बेशिस्तीवर उपाय शिस्त हा आहे, बंदी नव्हे.

नागनदी:

मला दोन्ही बाजूंना एक गोष्ट सुचवायची आहे. निळा देवमासा पाहायला परदेशीच जायला हवे, हे आपण गृहीत का धरले? २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात अभ्यासकांनी निळ्या देवमाशांची नोंद केली होती. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ४२ फुटांचा देवमासा वाहत आला आणि लोकांनी प्रयत्न करूनही दगावला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या प्राण्याला वाघाच्या बरोबरीचे, पहिल्या अनुसूचीतले स्थान आहे; पण वाघाविषयी जितके बोलले जाते, त्याच्या शतांशानेही आपल्या किनाऱ्यावरच्या देवमाशांविषयी बोलले जात नाही.

शिवाय आपल्या शहरातून समुद्राला जाणारी वाट रोज वाहते आहे. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे वर्धेसह प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. सीताबर्डीत नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी याच वाटेने निघते. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीच्या खोल पाण्यात निळे देवमासे दिसतात, आणि ते पाणी त्याच उपसागराचे आहे. मिरिस्साच्या सहलीला जो खर्च येईल, त्याचा काही भाग नदीच्या कामाला देण्याची अट मंडळाने घातली, तर मी स्वतः नाव नोंदवीन.

वैनगंगेकाठी:

नागनदी, अट मला मान्य आहे, मात्र तिच्यासोबत महालातील प्रवासी यांनी सांगितलेल्या गोष्टीची दखलही घ्यायला हवी. बोट ठरवण्याआधीच मालकाला लेखी विचारावे की देवमाशापासून किती अंतरावर तो वेग कमी करतो, त्याच्या वाटेत आडवा जातो का, आणि दुसऱ्या बोटी आधीच जवळ असतील तर तो थांबतो का. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नयेत.

धरमपेठकर:

हे तिन्ही प्रश्न निवेदनात घालण्याचा आग्रह मी मंडळाच्या बैठकीत धरीन. एक चौथाही घालावा: देवमासा दिसला नाही तर पैसे परत किंवा दुसरी फेरी फुकट, अशी हमी देणारी बोट घेऊ नये, कारण अशी हमी देणारा चालक तो दिसेपर्यंत पाठलाग करणार. माझे स्वतःचे नाव मात्र यादीत नसेल. नाग नदीच्या कामासाठी ते लिहून घ्यावे.